चाचांच्या समोरचं दुकान

दुष्काळात आम्ही गाव सोडून लातूरला आलो. आई खडी फोडायला जायची, मी तिच्यासोबत. माझ्या तळहातांना आलेले फोड पाहून गोलाईच्या बाजारातल्या एका टेलरने मला हाक मारली. "पोरी, काज-बटन करतीस का?" सगळी पेठ त्यांना चाचा म्हणायची. त्यांच्या ओट्यावर बसून मी आधी काज शिकले, मग कटिंग.

पुढे लातूर जिल्हा झाला. साहेबलोक आले, त्यांची बायकापोरं आली. कल्हईवाल्याच्या जागी फोटो स्टुडिओ आला. चाचांच्या समोरचा सुतळीवाला दुकान सोडून गेला, तेव्हा लग्नानंतर मी आणि नवऱ्याने तिथंच तयार कपड्यांचं दुकान टाकलं. पूजेला चाचा पेढे घेऊन आले. "बरं झालं, नजरेसमोर ऱ्हाशील."

त्या दिवाळीला दरवर्षी त्यांच्याकडे होणारी गर्दी आमच्या पायरीवर होती. समोर चाचा मशीनला तेल घालत बसलेले. नजरानजर झाली की मी उगीच घड्या घालायला वळायचे.

"आपण नसतं टाकलं तर दुसऱ्या कुणी टाकलं असतं," नवरा म्हणायचा. खरंच होतं ते. पण दुसऱ्या कुणाला चाचांनी काज शिकवलं नव्हतं.

मी आमच्या पँटी लांबी कमी करायला त्यांच्याकडे पाठवू लागले. कोट शिवणारा माणूस माझ्या पँटींचे पाय दुमडू लागला, आणि मला वाटायचं, मी त्यांना मदत करतेय.

एका ईदच्या आधी ते नातीला घेऊन आले. "तो लटकलाय ना, तो फ्रॉक हिला पायजे."

"चाचा, तुमच्या हातचा असताना?"

"शिवला हुता. घालंना."

त्यांनी फ्रॉक उलटा करून शिवण पाहिली आणि खिशात हात घातला. मी पैसे नको म्हणाले, तेव्हा मात्र आवाज चढला. "दुकानदार हायस ना? मग घे."

मी घेतले.

वर्षभरात त्यांनी मशीन विकली आणि मुलाकडे उदगीरला निघाले. जाताना पेठेतल्या प्रत्येक दुकानात भेटले. माझ्याकडे आले तेव्हा लग्नाचं गिऱ्हाईक बसलं होतं. "थांबा चाचा, आलेच," मी म्हणाले. बाहेर आले तर रिक्षा गेलेली.

आता त्यांच्या जागी मोबाईलचं दुकान आहे. उदगीर काही लांब नाही. ते हयात होते तोवर माझं जाणं झालं नाही.