प्रकाशच्या पुस्तकांना गिऱ्हाईक होतं

"वंदना, यंदा सर्व्हरचं भाडं पुस्तकांनीच भरलं वं!" कारंजा घाडगेहून प्रकाशचा फोन. मी "अरे वा" म्हटलं आणि रिसीव्हर जरा जोरातच ठेवला.

प्रकाश माझा पॉलिटेक्निकचा वर्गमित्र. दोघंही इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांच्या सर्व्हिसिंगमध्ये. दोन हजार सालानंतर दोघांनीही काटादुरुस्तीवर फुकट वेबसाइट काढली. साइट ठेवायच्या सर्व्हरचं भाडं काढायची एकच सोय होती. एखादं टेक्निकल पुस्तक सुचवायचं आणि खाली ऑनलाइन दुकानाची लिंक द्यायची. वाचकाने त्या लिंकवरून पुस्तक घेतलं तरी त्याला किंमत तीच पडते, आपल्याला थोडं कमिशन मिळतं.

माझी साइट आधीची. लेख माझे जास्त. पुस्तकंही जवळपास तीच. पण माझ्या लिंकवरून कोणी काही घेत नव्हतं. भाडं माझ्या पगारातून जायचं आणि नवरा म्हणाला होता, "हे शेवटचं वर्ष." प्रकाशचं यश मला सोसवत नव्हतं. ऑफिसात पोचले की मी आधी त्याची साइट उघडायचे आणि शुद्धलेखनाच्या चुका शोधायचे. सापडायच्याही. बरं वाटायचं.

त्याच हिवाळ्यात वर्ध्याजवळच्या एका कापसाच्या जिनिंग मिलचा कॉल आला. कापसाच्या गाड्या तोलायचा काटा सकाळी चुकायचा, दुपारी बरोबर दाखवायचा. मी लोडसेल तपासले. लोडसेल म्हणजे प्लॅटफॉर्मखाली बसवलेले, वजन ओळखणारे सेन्सर. सगळे ठीक होते.

मॅनेजर वैतागले होते. "मॅडम, लोकं मले चोर म्हणून राह्यले. उद्या नाई झालं तर मी दुसऱ्या कंपनीले बोलावतो."

ऑफिसात येऊन नेटवर शोधत बसले. उत्तर मिळालं ते नेमकं प्रकाशच्या साइटवर. एका जाडजूड पुस्तकाखाली त्याने लिहिलं होतं, 'सकाळी काटा नाचत असेल तर आधी ओलाव्याचं प्रकरण वाचा. बाकी अर्धं पुस्तक आपल्या कामाचं नाही.'

तेच पुस्तक माझ्या कपाटात होतं. पूर्ण वाचलेलं. माझ्या साइटवर त्याखाली मी लिहिलं होतं, 'अत्यंत उपयुक्त ग्रंथ.'

चरफडत त्याचं पान प्रिंट केलं आणि ते प्रकरण पुन्हा वाचलं.

सकाळी जिनिंगवर जाऊन जंक्शन बॉक्स उघडला. सगळ्या लोडसेलच्या वायरी या डब्यात एकत्र येतात. झाकणाचं रबर तडकलं होतं, आत दव साचलं होतं. दुपारच्या उन्हानं ते वाळायचं, म्हणून काटा सुधारायचा. हेअर ड्रायरने डबा वाळवला, नवं रबर बसवलं. काटा जागेवर आला.

"हे सापडलं कुठून?" मॅनेजरनी विचारलं. मी पुस्तकाचं नाव सांगितलं. प्रकाशच्या साइटचा पत्ता छापलेला प्रिंटआउट मात्र गडबडीत त्यांच्या टेबलावर राहिला.

काही दिवसांनी पुन्हा प्रकाशचा फोन. "तुमच्या वर्ध्याच्या जिनिंगवाल्यानं माह्या लिंकवरून पुस्तकं घेतली. त्याच्या सगळ्या युनिटले एकेक! मेल आला त्याचा, तुह्यं नाव होतं त्यात. काऊन, बोलत काऊन नाई?"

"घसा बसलाय," मी म्हटलं.

त्या आठवड्यात मी साइटवरच्या सगळ्या शिफारशी नव्याने लिहिल्या. कोणता बिघाड, कोणतं प्रकरण, काय सोडून द्यायचं. पुढच्या हिवाळ्यापर्यंत भाडं निघू लागलं, साइट बंद व्हायची वाचली. प्रकाशचं भाडं भागून वर नवा प्रिंटर आला. तो मला अजून खुपतो.

पुस्तक उत्तम आहे म्हणून कोणी घेत नाही. आपला काटा बिघडलाय म्हणून घेतो.