राखून ठेवलेलं वाक्य

“अगं, त्या हजेरीवाल्या मॅडम गेल्या ना… काल.”

अंबरनाथला आमच्या जुन्या कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात माझ्या शेजारी उभी असलेली एक मुलगी हे फोनवर कुणाला तरी सांगत होती. माझ्या एम.ए.च्या मार्कशीट तेव्हा मशीनवर होत्या. दुकानाचे सिंधी अंकल झाकण दाबायचं विसरले आणि उजेडाची पट्टी छतावरून सरकत गेली. “कौन, पगारे मॅडम?” त्यांनी विचारलं. मुलीने मान हलवली. “अरे, अभी तो आई थी. मुझे डाँट के गई, तुम्हारा शाई फीका है.” मी प्रती घेतल्या आणि बाहेर पडले. बातमी मला कुणी दिली नाही, ती मी ऐकली. आमच्या दोघींच्या बाबतीत ते बरोबरच होतं म्हणायचं, कारण तीन वर्षं त्यांच्या वर्गात बसून मी ऐकण्यापलीकडे फारसं काही केलं नव्हतं.

मार्था पगारे आम्हाला इतिहास शिकवायच्या. कॉलेज मेथडिस्ट मिशनचं, लिबरल आर्ट्सचं, लहानसं. एक बैठी इमारत, एक चॅपल आणि एक जांभळाचं झाड, ज्याच्याखालची बाकं जांभळं पडायला लागली की कुणी वापरत नसे. लिबरल आर्ट्स म्हणजे काय, हे मला माझ्या आत्याला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. इतिहासाच्या मुलांना वनस्पतिशास्त्राचा एक पेपर असतो, वनस्पतिशास्त्राच्या मुलांना तर्कशास्त्राचा, असं सांगितल्यावर ती म्हणाली, “म्हणजे काहीच धड नाही.” वर्गात उल्हासनगरची सिंधी मुलं होती, आसपासच्या गावांतली आगरी मुलं होती, बौद्ध घरांतली होती, ख्रिस्ती अगदी थोडी. सोमवारच्या चॅपलला यायची सक्ती नव्हती, तरी सगळे यायचे. तिथले पंखे वर्गातल्या पंख्यांपेक्षा चांगले होते.

हजेरीची पद्धत मात्र फक्त पगारे मॅमची. त्या नंबर पुकारत नसत, नाव घेत. आणि ‘प्रेझेंट’ म्हणून चालत नसे. कालच्या तासापासून आजपर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट एका वाक्यात सांगायची. मत नको, विशेषणं शक्यतो नकोत. “हवा छान होती, मॅम.” “छान म्हणजे काय दिसलं?” “मॅम, मला आज उशीर झाला.” “ते मी पाहिलं. तू काय पाहिलंस?” उल्हासनगरचा जतिन रोज नाल्याचा रंग सांगायचा. “मॅम, आज नाला निळा.” “आणि काल?” “काल लाल होता, मॅम. जीन्स रंगनेवालों का ऑर्डर चेंज हो गया.” वर्ग हसायचा. मॅम हसत नसत, त्या म्हणायच्या, “दुसरं वाक्य पाहिलेलं नाही, अंदाजाने काढलेलं आहे. पण बरं काढलंयस.” यात तासाचा बराच भाग जायचा, पोर्शन मागे पडायचा आणि तो भरून काढायला शनिवारी जादा तास असायचे. त्याबद्दल कुणी कुरकुर केली की त्या म्हणत, “कुणीतरी काहीतरी पाहिलेलं असतं, तिथून इतिहास सुरू होतो. मतं द्यायला तुम्हाला आयुष्य पडलंय.” हजेरी संपली की शेवटचं वाक्य त्यांचं स्वतःचं असे, आणि मगच पुस्तक उघडायचं.

मी मात्र तीन वर्षं ‘प्रेझेंट, मॅम’ एवढंच म्हणत आले. दिसत नव्हतं असं नाही, उलट मला फार दिसायचं. पण माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं. इंग्रजीत बोलले की मागच्या बाकावरून “मिस कॉन्व्हेंट” ऐकू यायचं, आणि मराठीत वाक्य जुळवेपर्यंत पुढचं नाव पुकारलं जायचं. पहिल्या दिवशी मॅमनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “बरं. राखून ठेव.” मग रोज तेच. मी ‘प्रेझेंट’ म्हणायचं, त्यांनी ‘राखून ठेव’ म्हणायचं. वर्गाला त्याची सवय झाली. “मॅमने हिची एफडी काढलीय,” जतिन म्हणायचा, “एकदम व्याज के साथ निकालेगी.”

आम्ही दोघी बदलापूरच्या, शिरगावच्या. मी आत सोसायटीत राहते, मॅम नाक्याजवळ त्यांच्या बहिणीबरोबर राहायच्या. दशरथ काकांची ठरलेली रिक्षा आम्हा दोघींना सकाळी अंबरनाथला सोडायची. मी आधी बसायचे, मग नाक्यावर मॅम. काका न सांगता तिथे थांबायचे आणि मागे वळून म्हणायचे, “या टीचर. आज लेट केलात.” “देवाने उशिरा उठवलं, दशरथ.” “मग देवाला सांगा, पेट्रोल महाग झालाय.” मॅम कडेला बसायच्या, दांडा धरून. रस्ताभर आम्ही बोलत नसू, दोघी बाहेर बघत असू.

तिसऱ्या वर्षी कधीतरी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. हजेरीच्या शेवटी मॅम जे वाक्य सांगत, ते नेहमी घरातलं असायचं. बहिणीने चहात दोनदा साखर घातली आणि दोन्ही वेळा सांगितलं नाही… गीझरचा दिवा गेलाय, पाणी मात्र तापतं… रस्त्यावरचं कधीच काही नाही. पण काकांची सुट्टी असली आणि आम्ही वेगवेगळ्या आलो, की त्या दिवशी त्यांचं वाक्य हमखास रस्त्यावरचं असे. म्हणजे जो रस्ता आम्ही दोघींनी मिळून पाहिलेला असायचा, त्यातलं त्या काही घेत नव्हत्या. तो माझ्यासाठी सोडत होत्या. हे मी त्यांना कधी विचारलं नाही. माझा अंदाज चुकलेलाही असेल… हेही पाहिलेलं नाही, काढलेलं आहे.

चॅपलमध्ये त्यांची स्मरणसभा झाली तेव्हा मी मागे बसले होते. वक्ते त्यांना प्रेमळ म्हणाले, तपस्वी म्हणाले, मातृतुल्य म्हणाले. ‘प्रेमळ म्हणजे काय करताना पाहिलंत?’ असं विचारणारी व्यक्तीच नेमकी तिथे नव्हती. सभा संपल्यावर प्राचार्य सरांनी मला दारात थांबवलं. परीक्षेपर्यंत पहिल्या वर्षाचा इतिहास कुणीतरी घ्यायला हवा होता. “पगारे मॅडमनी मागेच तुझं नाव सांगून ठेवलं होतं,” ते म्हणाले. “मी म्हटलं, ती तर बोलत नाही. तर म्हणाल्या, बोलेल, बरंच साठलंय तिच्याकडे.” शेवटी एक तास घेऊन बघायचा आणि त्याच दुपारी हो की नाही ते सांगायचं, असं ठरलं. घरी आई म्हणाली, “तू शिकवणार? बेकरीत पाव मागायचा असला तरी मला पुढे करतेस.” नाही म्हणायचं, असं मी मनात जवळजवळ ठरवलंच होतं. फक्त ते सांगण्याआधी एकदा वर्गात जायचं होतं.

त्या सकाळी दोन वर्षांनी मी दशरथ काकांच्या रिक्षात बसले.

वर्गात मी हजेरी घ्यायला उभी राहिले तेव्हा माझा आवाज पहिल्या बाकापर्यंत जेमतेम पोचत असावा. मी नंबर पुकारणार होते. तेच सोपं होतं. पण पहिला नंबर घेतल्याबरोबर एक मुलगा उभा राहून म्हणाला, “आज आमच्या गल्लीत दोन मांजरं एकाच गाडीखाली झोपली होती.” मग मी नावंच घेतली. कॅन्टीनचा टेबल हलत नव्हता, खाली कुणीतरी पुठ्ठा लावलाय… शेजारचे काका उलटा पेपर धरून बसले होते… मॅमनी या मुलांनाही चांगलं तयार केलं होतं. खिडकीजवळची एक मुलगी फक्त ‘प्रेझेंट’ म्हणाली आणि खाली बघायला लागली. मी म्हटलं, “बरं. राखून ठेव.” ते आपोआप आलं. दोघीतिघी एकमेकींकडे बघून हसल्या.

यादी संपली. मी पुस्तक उघडलं, पण कुणी वही काढली नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. “मॅम,” पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “तुमचं राहिलं ना.”

“असू दे तिचं, घाबरलीय ती,” मागून कुणीतरी हळूच म्हणालं. मला ते ऐकू आलं, मला असलं सगळं ऐकू येतं. मी पुस्तक मिटलं. बोलायला मला बराच वेळ लागला असणार, कारण बाहेरच्या व्हरांड्यात कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाजही मी ऐकला. कुणी घाई केली नाही. मग मी मराठीत म्हणाले,

“आज शिरगावच्या नाक्यावर रिक्षा थांबली. काकांनी मागे वळून कडेच्या जागेकडे पाहिलं, थोडा वेळ थांबले, आणि मग गिअर टाकला.”