सातव्या टोपलीचा साक्षीदार

माझ्या बहिणीचा नवरा थापाड्या आहे. हे मी रागाच्या भरात म्हणत नाही, चौतीस वर्षं तपासून म्हणतो. मी वजनमाप खात्यात निरीक्षक होतो. दुकानांतले तराजू, वजनं, मापं तपासायची, बरोबर असतील तर शिक्का मारायचा आणि कागदावर सही करायची, नसतील तर उचलून न्यायची, हे माझं काम. वीस ग्रॅमची लबाडी मला दुकानाच्या दारातून दिसायची. तेव्हा एक अख्खा माणूसच खोट्या मापाचा निघाला आहे हे कळायला मला ताईच्या लग्नाची संध्याकाळसुद्धा लागली नाही.

नात्याने भावोजी, म्हणून अहोजाहो. मनात मी त्यांना काय म्हणतो ते लिहिण्यासारखं नाही.

भावोजी लिफ्ट दुरुस्त करायचे. ग्रीस लागलेले कपडे, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत दिवसदिवस डोकं घालून बसायचं. कामात चांगले होते म्हणतात. मी तपासलेलं नाही. पण त्यांच्या वाट्याला आलेल्या लिफ्टमध्ये साधी माणसं कधी अडकलीच नाहीत. एकदा अवघडलेली बाई, एकदा नामांकित गायिका, एकदा तर न्यायाधीश आणि त्यानेच शिक्षा सुनावलेला कैदी, दोघंच. सहा माणसांच्या लिफ्टमध्ये अकरा जण अडकले होते ही त्यांची लाडकी गोष्ट. दर वर्षी त्यात एखाद-दुसरा माणूस वाढायचा. माझ्या शेवटच्या मोजणीला सतरा होते. सतरा माणसं त्या डब्यात उभी करायची तर निम्म्यांना उरलेल्यांच्या खिशात उभं करावं लागेल, पण हे विचारायचं कुणी?

आणि एक गोष्ट माझी होती. तीस वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये मी वीस मिनिटं अडकलो होतो. योगायोगाने भावोजीच आले आणि त्यांनी मला बाहेर काढलं. त्या वीस मिनिटांचा आधी तास झाला, मग दोन, मग साडेतीन. आत मी "ताई, ताई" करून रडत होतो हेही आलं. ताईकडे आलेल्या पाहुण्याला पाण्याचा पेला आणि ही गोष्ट एकदमच मिळायची. मी दर वेळी कोपऱ्यातून म्हणायचो, "वीस मिनिटं." आणि सगळे हसायचे. मला ते हसणं डोक्यात जायचं.

दोन वर्षांपूर्वी भावोजींना बाजारात चक्कर आली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. नुसतं चालतील तर ते भावोजी कसले? त्यांनी खेळ शोधून काढला. डिस्क गोल्फ. पोहण्याच्या तलावामागे एक बाग आहे. बाग आपली म्हणायची, एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाच्या बाकावरचा माणूस दचकेल एवढीच. त्यात लोखंडी खांबांवर नऊ टोपल्या बसवल्यात. टोपलीच्या वर साखळ्या लोंबतात. प्लास्टिकची तबकडी भिरकावायची, ती साखळ्यांना आपटून टोपलीत पडली की झालं, आणि हे कमीत कमी फेकींत करायचं. संपला खेळ. आमच्या लहानपणी डब्याची झाकणं भिरकावल्याबद्दल मार मिळायचा, इथे त्याचं कार्ड लिहितात.

ताईने मला गाठलं. "अरे, एकटे जातात. वाटेत चक्कर आली तर कुणाला कळायचं? तू जा ना बरोबर."

मी सेवानिवृत्त, एकटा, आणि ताईला नाही म्हणणं मला जन्मात जमलेलं नाही. गेलो.

पहिल्याच टोपलीला भावोजींनी चार फेकी केल्या आणि बेधडक सांगितलं, "तीन." मी त्यांच्या हातातून पेन्सिल काढून घेतली. म्हणालो, "भावोजी, यापुढे कार्ड मी लिहिणार. माझ्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी आकडा लिहीत नाही." हे वाक्य मी त्यांना या दोन वर्षांत शंभरदा तरी ऐकवलं असेल. ते हसून म्हणायचे, "बरं साहेब."

थाट मात्र विचारू नका. खांद्याला पिशवी, पिशवीत सात तबकड्या. जिथे एक बशी पुरली असती तिथे सात! फेकण्याआधी बोट ओलं करून वारा बघायचा. मागे चार पावलं, पुढे तीन, एक डोळा बारीक. आणि एवढं करून तबकडी झुडपात. मग वारा फिरला, मग हात घामेजला, मग कोपऱ्यावरचं कुत्रं नेमकं तेव्हाच भुंकलं. सातवी टोपली सगळ्यांत लांब. पाटीवर साठ मीटर लिहिलंय. मी पावलांनी मोजली, बावन्न भरली. बागेची देखभाल करणाऱ्या बाईंना तसं सांगितलं, तर त्या खुरपं न थांबवता म्हणाल्या, "तुमची पावलं मोठी असतील."

या बाईंच्या अवजारांच्या खोलीबाहेर एक हिरवा फळा आहे. ज्याची तबकडी पहिल्याच फेकीत टोपलीत गेली त्याचं नाव तिथे पांढऱ्या रंगाने लिहितात. नियम एकच, बरोबरच्या कुणी तरी ते पाहिलेलं असलं पाहिजे आणि बाईंच्या वहीत तशी सही केली पाहिजे. पाच नावं आहेत. एक दाताचा डॉक्टर, एक पोस्टमन, कॉलेजातल्या दोघी बहिणी आणि एक अकरा वर्षांची मुलगी. भावोजी रोज त्या फळ्यापुढे थांबायचे. त्या मुलीचं नाव वाचून म्हणायचे, "भाग्य लागतं हो." त्यांचा जीव त्या फळ्यात अडकला होता. कारणही मला माहीत होतं. त्यांच्या स्वतःच्या मुलीने, म्हणजे माझ्या भाचीने, लहानपणापासून एक वाक्य पाठ केलं होतं, "बाबांचं काहीही ऐकलं की निम्म्याने भागायचं." ताईसुद्धा पाहुण्यांदेखत म्हणायची, "यांचं काय मनावर घेता!" एकदा फळ्यापुढे उभे असताना भावोजी मला म्हणाले, "मेहुणे, इथलं नाव कुणी निम्म्याने भागत नाही."

मी म्हणालो, "चला, उशीर होतोय."

त्या दिवशी मंगळवार होता. सहाव्या टोपलीपाशी एक नवरा-बायको कुत्र्याला फिरवत होते. भावोजींना श्रोते दिसले की राहवत नाही. त्यांनी तबकडी काखेत मारली आणि लिफ्टची गोष्ट सुरू केली. आता चार तास झाले होते. "आणि आत कोण होतं सांगा? हेच ते!" म्हणून माझ्याकडे बोट. त्या बाईने माझ्याकडे इतक्या कीवेने पाहिलं की माझे कान तापले. "वीस मिनिटं," मी म्हणालो. ती म्हणाली, "असू द्या हो, होतं असं." मग ते कुत्र्याला घेऊन फाटकाबाहेर गेले आणि आम्ही दोघेच सातव्या टोपलीकडे वळलो.

भावोजींनी ना बोट ओलं केलं, ना डोळा बारीक केला. गोष्ट रंगल्याच्या खुशीत त्यांनी सहज हात फिरवला. तबकडी बाकाच्या डाव्या अंगाने वर गेली, झाडाच्या शेंड्याशी कलली, वळण घेऊन उतरली आणि साखळ्यांत शिरली. साखळ्या खळखळल्या. तबकडी टोपलीत बसली. बावन्न पावलं, एक फेक. मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं. इतकं स्वच्छ मी आयुष्यात थोडंच काही पाहिलं असेल.

भावोजी गर्रकन वळले. अडुसष्ट वर्षांच्या माणसाचा चेहरा तसा होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. "पाहिलंत?" ते म्हणाले. "मेहुणे, पाहिलंत ना?"

मला पुढची वीस वर्षं दिसली. पाण्याचा पेला आणि ही गोष्ट. बावन्न पावलांची दीडशे होतील, वारं वादळ होईल, आणि या खेपेला मी "हो" म्हणायला बांधलेला असेन. त्या कुत्रेवालीची कीव अजून अंगावर होती. मी म्हणालो, "नाही. मी खाली बघत होतो."

"पण साखळ्या वाजल्या!"

"वाजल्या. टोपलीत आहे तेही दिसतंय. गेली कशी ते मी पाहिलेलं नाही."

ते तरीही मला बाईंकडे घेऊन गेले. बाईंनी हात पुसले, वही काढली आणि मला विचारलं, "तुम्ही पाहिलं का?" भावोजी माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "आवाज ऐकला." बाईंनी वही मिटली. "आवाजावर नाव नाही लावता येत, आजोबा. पुन्हा कधी तरी."

मला वाटलं होतं, आता तोंडाचा पट्टा सुटेल. भावोजींनी मात्र टोपलीतून तबकडी काढून आणली. आठवी आणि नववी टोपली मुकाट खेळले. नववीला मी मोजायच्या आत त्यांनीच सांगितलं, "पाच झाल्या." खऱ्याच पाच होत्या.

फाटकाशी त्यांनी नेहमीप्रमाणे बेरीज करायला कार्ड मागितलं. त्यांचं बोट चौकोनांवरून सरकत गेलं आणि सातव्यावर थांबलं. मी वाकून पाहिलं. तिथे माझ्या अक्षरात, माझ्या ठसठशीत सरकारी अक्षरात, एक लिहिलेला होता. तबकडी टोपलीत बसल्या बसल्या हाताने लिहून टाकला होता. जे पाहिलं ते लिहायचं, बत्तीस वर्षांच्या नोकरीची सवय. तोंडाने मी फिरलो, हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.

न पाहता मी आकडा लिहीत नाही, हे भावोजींना शंभरदा ऐकवलेलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग कार्डाची घडी करून शर्टाच्या खिशात घातली आणि खिशाचं बटण लावलं. "चला," म्हणाले, "तुमची ताई वाट बघत असेल."

मला लाज वाटली. आणि लाज वाटायला लावल्याबद्दल त्यांचा पुन्हा संताप आला.

दोन दिवसांनी ताईचा फोन. "काय झालंय रे? हे गप्प गप्प आहेत. खेळून येतात आणि काही सांगतच नाहीत. चक्कर आली होती का? माझ्यापासून लपवू नकोस."

"नाही गं, काही झालं नाही," मी सांगितलं. हे आणखी एक खोटं.

शुक्रवारी सकाळी मी खेळ सुरू व्हायच्या आधीच म्हणालो, "भावोजी, चला, वहीत सही करतो. मी पाहिलं होतं."

पिशवीचा पट्टा आवळत ते म्हणाले, "माहीत आहे मला."

"मग चला."

"आणि बाईंना काय सांगणार? मंगळवारी खोटं बोललो?" "तुमच्या सहीवर अख्खा बाजार चालायचा, मेहुणे. एका फळ्यापायी ती घालवू? माझ्यावर तसाही कोण विश्वास ठेवतो! एक गोष्ट कमी सांगायची, एवढंच."

इथेही थाप मारलीच. अख्खा बाजार नव्हता, शहरातले चार भाग फक्त माझ्याकडे होते. पण ते सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

रविवारी भाची, तिचा नवरा आणि तिचे सासू-सासरे ताईकडे जेवायला आले. टेबलाशी आम्ही सातजण. भावोजी कधी नव्हे ते पानात डोकं घालून बसलेले. शेवटी भाचीनेच त्यांना डिवचलं, "बाबा, मामाच्या लिफ्टची गोष्ट सांगा ना यांना." ते नाही-हो करत सुरू झाले. जरा रंग चढला. "चार तास!" ते म्हणाले.

"निम्म्याने भागा," भाची म्हणाली आणि सगळे हसत माझ्याकडे वळले. आता मी वीस मिनिटं म्हणायचं होतं.

"चारच तास," मी म्हणालो. "माझ्या हातात घड्याळ होतं. आणि रडतही होतो." रडलो होतो, हे मात्र खरं. ते मी तीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

मला वाटलं, फिटलं. त्यांच्या एका खऱ्याला मी नाही म्हणालो, एका खोट्याला हो म्हणून टाकलं. भावोजींचा घास हातातच राहिला. शर्टाच्या बटण लावलेल्या खिशावर त्यांचा दुसरा हात गेला. मग ते म्हणाले, "नाही हो. वीस मिनिटं होती. मीच वाढवून सांगतो. आणि रडले-बिडले काही नाहीत ते."

मग व्याही मोठ्याने हसले. "आता मागे कशाला फिरता? हे स्वतः सांगतायत, वजनमापवाले! यांचा आकडा चुकेल होय?"

"मामा कधीच खोटं बोलत नाही," भाची त्यांना म्हणाली. "चार तास म्हणजे चारच असणार. बाबा, सॉरी हं, मला इतकी वर्षं वाटायचं तुम्हीच मीठमसाला लावता."

"वीस मिनिटं," भावोजी पुन्हा म्हणाले.

कुणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. ताईने मला आणखी वाढलं.