नावाने मारलेली हाक

अंगात येणं, भानामती... सगळं थोतांड आहे असं तोंडावर सांगून मी निम्मे नातेवाईक दुखावलेत. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण घडलं ते घडलं.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. डोंबिवलीत आम्ही तिघंच — मी, हे आणि सासूबाई. उन्हाळ्यात लोणच्याच्या कैऱ्या घ्यायला आम्ही दोघं कल्याणच्या बाजारात गेलेलो. कैरी दाबून बघता बघता हे म्हणाले, "अगं, घशाला कोरड पडलीय," आणि तिथेच धाडकन कोसळले.

मग काय, ही गर्दी! कुणी म्हणे फीट आली, कांदा फोडा. एकाने तर ह्यांच्या नाकाला चप्पल लावली — अस्सा संताप आला, ढकलूनच दिलं मी त्याला. तेवढ्यात जवळच्या दवाखान्यातले डॉक्टर धावत आले. त्यांनी नाडी बघितली, इंजेक्शन दिलं. ह्यांनी डोळे किलकिले केले.

"पाणी..."

"थेंबभरही देऊ नका," डॉक्टर म्हणाले. "धड शुद्धीत नाहीत, ठसका लागून जीव जाईल."

कुणीतरी दिलेला भरलेला तांब्या माझ्या हातात होता. हे परत परत पाणी मागत होते, आणि मी... जाऊ दे. थोड्या वेळाने त्यांचे डोळे फिरले. मी आपली "अहो, अहो" करतेय.

"अगो बाय, नावानी हाक मार ना त्याला!" कैरीवाली ओरडली. "आता कसली लाज?"

उखाण्याशिवाय ते नाव मी कधी उच्चारलं नव्हतं. जीव खाऊन ओरडले, "सदाशिव!"

ह्यांनी डोळे उघडले. चेहरा अगदी शांत. "आलो गं," म्हणाले. "प्यायलो पाणी."

तांब्या माझ्या हातात तसाच भरलेला होता. टांग्यातून इस्पितळात नेता नेता वाटेतच सगळं संपलं.

संध्याकाळी ओळखीच्या एकाच्या लॉरीतून ह्यांना घरी आणलं. मी आधी उतरले. मागे काय आहे ते सासूबाईंना ठाऊक नव्हतं. माझं तोंड उघडायच्या आत त्याच कडाडल्या.

"भर रस्त्यात नवऱ्याला नावाने हाका मारतेस? दुपारी सदू आला, घटाघटा तांब्याभर पाणी प्यायला. जरा टेक म्हटलं, तर बाहेरून तुझी हाक! 'आई, ती बोलावतेय' म्हणाला आणि उठून गेला."

स्वयंपाकघरात माठाशेजारी तांब्या पालथा होता. सासूबाईंनीच पाणी पिऊन ठेवला असेल. वयपरत्वे भास झाला असेल. असेलही. पण मी हाक मारली हे त्यांना कुणी सांगितलं?

ह्यांना शेवटचं पाणी आईच्या हातचं मिळालं, एवढ्यावर मी मनाची समजूत घातली असती. पण सासूबाई त्यानंतर बरीच वर्षं जगल्या, आणि शेवटपर्यंत, न रागावता, मला एकच म्हणायच्या, "तू हाक मारली नसतीस ना, तर बसला असता गं तो घरात."