सोळावी जागा

काका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. डेपोत सगळे काका म्हणायचे, म्हणून गेममध्येही त्यांनी तेच नाव घेतलं. वय बेचाळीस, काम बस चालवायचं आणि नाद मारामारीच्या व्हिडिओ गेमचा. हसू नका. हसणारे डेपोत भरपूर होते आणि काका त्या सगळ्यांना पुरून उरले होते.

त्यांची ड्युटी तुटक होती. सकाळी एक पाळी, संध्याकाळी दुसरी, मधली दुपार मोकळी. बाकीचे ड्रायव्हर त्या वेळात आडवे व्हायचे. काका घरी येऊन चार घास पोटात ढकलायचे आणि कंट्रोलर घेऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे. चांगले खेळायचे हो! पण मुख्य स्पर्धेत जायला पात्रतेचे गुण लागतात आणि ते मिळायचे लांबलांबच्या शहरांतल्या स्पर्धांमधून. रजा मागितली की साहेब म्हणायचे, "गेम खेळायला रजा? काका, तब्येत बरी आहे ना?"

मग गेमच्या कंपनीने नियम बदलला. घरबसल्या ऑनलाइन रँकिंग खेळा, सीझन संपताना पहिल्या सोळांत असलात तर पात्रतेचे गुण तुमचे. काकांना आभाळ ठेंगणं झालं. ते गुण मिळाले की मुख्य स्पर्धेत जागा नक्की. वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते!

पण या नियमातही एक मेख होती. वर पोचलं की लोक खेळणंच सोडून देत. खेळलं तर हरायची भीती, न खेळलं तर जागा शाबूत. गेल्या सीझनला काका सतरावे होते. शेवटच्या दुपारी 'जोडी शोधा' हे बटण दाबून बसले, तर वरचे सगळे चिडीचूप. पडद्यावरचं चक्र नुसतं गरगरत राहिलं आणि सीझन संपला. त्या सोळाव्याला काकांनी घातलेल्या शिव्या इथे सांगण्यासारख्या नाहीत. "खुर्ची उबवणारा लेकाचा!" ही त्यातली सगळ्यात सोज्वळ. आठ दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही.

या सीझनला त्यांनी जिवाचं रान केलं. मनगट सुजलं, डोळे खोल गेले, सिग्नलला बस थांबली की पापण्या जड व्हायच्या. काकू औषधांच्या दुकानात दिवसभर काउंटरला उभ्या असायच्या. सासऱ्यांना दवाखान्यात नेणं-आणणं, बाजारहाट, स्वयंपाकघरातला गळका नळ, सगळं त्यांनी एकटीच्या अंगावर घेतलं होतं.

"हा एक सीझन," काका म्हणाले होते.

"मग ते कंट्रोलर माळ्यावर," काकू म्हणाल्या होत्या. दोघंही दमले होते आणि भांडायचंही कुणाच्या अंगात त्राण नव्हतं.

आता शेवटची दुपार होती आणि काका सोळावे होते. संध्याकाळी सहाला सीझन संपणार होता. तोवर नुसतं बसायचं. कंट्रोलर टेबलावर पालथं पडलेलं, काका त्याच्याकडे बघत बसलेले, काकू सुट्टी असल्यामुळे समोर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

तेवढ्यात पडद्यावर निरोप आला. पाठवणाऱ्याचं नाव मुंगी. मुंगी म्हणजे सतरावा. पोरगा की पोरगी, म्हातारा की तरणा, देव जाणे.

"काका, कुणीच खेळत नाहीये. एक मॅच देता का?"

काकांनी तो निरोप वाचला. परत वाचला. "दुसरा कुणी बघ म्हणावं," ते पुटपुटले.

"दुसरं कोण आहे?" काकूंनी घडी घालता घालता विचारलं.

"कुणी नाही. सगळे बसलेत."

"गेल्या सीझनसारखे?"

काका उसळले. "मग काय करू? हरलो तर तुझे तीन महिने पाण्यात! बाबांना घेऊन तू भर उन्हात रिक्षा शोधत फिरलीस, ते कशासाठी?"

"माझं मी बघेन," काकू म्हणाल्या. "पण तुम्ही बसून जिंकलात तर पुढचं वर्षभर तुमचं तोंड बघावं लागेल मला. आठ दिवसांत जीव नकोसा केला होतात."

काका चुळबुळले. उठून पाणी प्यायले. परत येऊन बसले. मग एक लांब सुस्कारा सोडून त्यांनी कंट्रोलर उचललं आणि बटण दाबलं. चक्र एकदाच फिरलं आणि जोडी लागली.

मुंगी झकास खेळत होती. पहिला डाव काकांनी मारला, दुसरा गेला. तिसऱ्यात दोघांचाही जीव केसाएवढा उरलेला असताना काकांचं सुजलेलं मनगट क्षणभर अडलं आणि तेवढं पुरलं. यादीत नावं जागच्या जागी बदलली. मुंगी सोळावी, काका सतरावे.

काकूंच्या हातातली घडी तशीच राहिली. काकांना फार वाईट वाटलं.

परत निरोप आला. "काका, अजून वेळ आहे. तुम्ही मला मॅच दिलीत. परत खेळू या?"

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. डेपोला निघायची वेळ झाली होती.

"खेळा की," काकू पुढे सरकत म्हणाल्या. "एक दिवस झाला उशीर तर काय बिघडतं? करा फोन, पोट दुखतंय म्हणावं."

काकांनी फोन हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. "माझ्या आधीचा ड्रायव्हर पहाटेपासून बसवर आहे गं. मी गेल्याशिवाय तो सुटत नाही. आणि स्टॉपवर माणसं उभी असतात. येणारच नाही त्याची वाट बघणं काय असतं, ते मला विचार."

मग त्यांनी एकेक अक्षर शोधत टाइप केलं. "ड्युटी आहे. छान खेळलीस किंवा खेळलास. आता सहापर्यंत बटणाला हात लावू नकोस. कुणी कितीही विनवलं तरी नाही. गप बसून राहा."

खांद्यावरून वाचणाऱ्या काकू म्हणाल्या, "हे तुम्ही सांगताय?"

काका बुटाची नाडी बांधायला खाली वाकले आणि डोळे पुसून होईपर्यंत वाकलेलेच राहिले. काकूंनी कंट्रोलर उचललं, माळ्याकडे एकदा पाहिलं आणि ते परत टेबलावर ठेवून दिलं.