इंजिन्याचे सहा महिने

माझ्या सासूबाई, चांगुणाबाई जोंधळे, रेल्वेच्या फाटकावर नोकरीला होत्या. चुडावा आणि पूर्णा या दोन स्टेशनांच्या मध्ये, रानातून जाणाऱ्या गाडीवाटेवर ते फाटक होतं. आधी सासरे तिथं होते. ते विषमज्वरानं गेले तेव्हा आत्याबाई, सासूबाईंना मी असंच म्हणायची, चाळिशीच्याही आत होत्या. रेल्वेनं नवऱ्याची जागा त्यांना दिली. बाईमाणूस फाटक कसं लावतंय ते बघायला लोक पहिले काही दिवस मुद्दाम बैलगाड्या थांबवून उभे राहायचे म्हणे. मग सगळ्यांना सवय झाली. दिवसपाळी आत्याबाईंची, रातपाळी सूर्यभान नावाच्या गड्याची.

काम सरळ होतं, पण चुकून चालणारं नव्हतं. स्टेशनातून फोन आला की फाटक लावायचं, निशाण घेऊन उभं राहायचं, गाडी गेली की उघडायचं. फाटकाच्या बाजूलाच रेल्वेची खोली होती, तिच्या मागं स्वैपाकाची छोटी खोली. आजूबाजूला अर्ध्या मैलात दुसरं घर नाही. आत्याबाईंना सोबत म्हणाल तर मुलगा पंडित आणि दोन कुत्री.

१९७४ साली पंडितशी माझं लग्न झालं आणि मी त्या खोलीत आले. पंडित जवळच्या गावात शाळामास्तर होते. नवरा चांगला, सासू शांत. अडचण एकच होती. लहानपणी गंगाखेडला मामाच्या गल्लीत मला कुत्रं चावलं होतं, आणि तेव्हापासून कुत्रं दिसलं की माझे पाय जागच्या जागी गार पडायचे. इथं तर दारातच दोन बसलेली.

पिठी म्हणजे ज्वारीच्या पिठाच्या रंगाची कुत्री, वयानं थोराड. इंजिन्या काळाकुळकुळीत. एका मालगाडीच्या फायरमननं त्याला पिल्लू असताना खाली दिलं होतं. सिग्नलला गाडी थांबली होती, आणि हे पिल्लू कोळशात खेळून असं झालंय की मुळातच काळं आहे, ते कोणालाच सांगता येईना. आत्याबाईंनी त्याला दोनदा धुतलं आणि मग नाव ठेवलं.

पहिल्याच दिवशी मी ओसरीच्या टोकाला अंग चोरून उभी राहिले तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "भिऊ नकोस. तू बी त्यायला नवीन हायस. हात लावायची घाई करू नकोस, ती बी करणार न्हाईत."

त्यांनी मला कधी ओढून कुत्र्याजवळ नेलं नाही, की माझ्या भीतीला हसल्या नाहीत. घरात नियम होते, ते कुत्र्यांनाही होते. चुलीपाशी यायचं नाही. जेवणाऱ्याच्या ताटाकडं बघत बसायचं नाही. सगळ्यांची जेवणं झाली की जर्मनच्या दोन ताटल्यांत भाकरी कुस्करून, वर वरणाचं पाणी. आधी पिठीला, मग इंजिन्याला. आत्याबाई ड्यूटीवर असल्या की त्या ताटल्या मी लांबून काठीनं सरकवायची. इंजिन्या आधी काठीकडं बघायचा, मग माझ्याकडं, मग खायला लागायचा.

गाड्यांची त्याला भारी आवड. फोन वाजला की तो आत्याबाईंच्या आधी फाटकाशी. गाडी दिसली की भुंकत तिच्या बरोबरीनं बाभळीपर्यंत पळायचं आणि मालकासारखं चालत परत यायचं. ड्रायव्हर लोक त्याला ओळखायचे, शिट्टी द्यायचे. पिठी मात्र आत्याबाईंच्या पायाशी बसून राहायची. दहा महिन्यांत मी एवढं शिकले की ती माझ्या जवळून गेली तरी चालायचं. हात काही मी लावला नव्हता.

पुढच्या वर्षीच्या एप्रिलात, चौदा तारखेच्या जयंतीला चारच दिवस राहिले होते, मी खोलीमागच्या दगडावर धुणं धूत होते. दहा-अकराची वेळ. रुळांच्या कडेनं एक तांबडं कुत्रं येताना दिसलं. शेपूट पायात, मान खाली, तोंडातून लाळेची तार. मला वाटलं तहानलेलं असेल. तेवढ्यात पिठी विचित्र आवाजात ओरडली आणि मागं सरली. ते कुत्रं सरळ माझ्याकडं वळलं.

माझे पाय नेहमीसारखे गार पडले. त्याचा दात माझ्या घोट्याला लागला, आणि त्याच क्षणी इंजिन्या मधी शिरला. दोन्ही कुत्री एकमेकांत गुंतून धुण्याच्या बादलीवर आदळली. आत्याबाई निशाणाची काठी घेऊन धावत आल्या. शेजारच्या शेतातले गडीही कुऱ्हाडी-काठ्या घेऊन आले आणि त्यांनी तांबड्या कुत्र्याला तिथंच संपवलं. ते पिसाळलेलं होतं. सकाळपासून दोन गावांत त्यानं एक वासरू आणि तीन शेरडं फोडली होती, हे नंतर कळलं.

इंजिन्याचा कान फाटला होता आणि मानेवर दाताचे खोल घाव होते.

गड्यांपैकी एक जण म्हणाला, "वहिनीच्या जखमेत मिरची भरा."

"मिरची कालवणात घाला," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला आणि साबण लावून लावून, पाण्याच्या दोन घागरी संपेपर्यंत धुतला. हातानं पाय धूत होत्या आणि तोंडानं इंजिन्याला "बस, बस तिथंच" म्हणत होत्या. तो बसलाही.

दुसऱ्या दिवसापासून परभणीच्या सरकारी दवाखान्यात चौदा सुया. रोज एक, पोटात. पहिले दोन दिवस पंडित बरोबर आले, मग त्यांची रजा संपली. आत्याबाईंना फाटक सोडता येत नव्हतं. मी एकटीनंच चुडाव्यापर्यंत चालत जायचं, पॅसेंजर धरायची, परभणीला रांगेत उभं राहायचं आणि पोट धरून परत यायचं. त्याआधी मी एकटी कधी बाजारालाही गेले नव्हते.

पूर्ण्याचे जनावरांचे डॉक्टर सायकलवर आले. त्यांनी इंजिन्याला लांबून पाहिलं. म्हणाले, "कुत्र्यासाठीही लस असते, मी देतो. पण खात्री देत नाही. सहा महिने त्याला कोंडून ठेवावं लागेल. कोणाचा हात लागता कामा नये, दुसऱ्या कुत्र्याचासुद्धा संबंध नको. हे जमणार नसेल तर मारून टाकलेलं बरं."

गावचे पोलीस पाटील भगवानरावही आले होते. शेताला जायची त्यांची वाट फाटकावरूनच होती. ते म्हणाले, "चांगुणाबाई, इथून लेकरंबाळं जात्यात. उगं जोखीम कामून घेता? मपला गडी पाठवतो, दोन मिंटाचं काम हाय."

आत्याबाई म्हणाल्या, "पाटील, तुमचं खोटं न्हाई. पर त्यो मधी पडला नसता तर सूनबाई गेली असती मपली. मागची खोली त्याला देते. दाराला गज बसवून घेते. तुमाला वाटंल तवा येऊन बघा. बाहीर आलेला दिसला तर मला इचारू बी नका."

"आन् सैपाक कुठं करसाल?"

"चूल बाहीर येईल. चुलीला काय, कुठंबी पेटती."

खरं सांगते, मला तेव्हा आत्याबाईंचा राग आला. मनातून मला वाटत होतं की पाटलांचा गडी येऊन जावा आणि विषय संपावा. संध्याकाळी मी तसं बोलूनही दाखवलं. त्या भांडी घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कुसुम, एकच कुत्रं तुमा दोघायला चावलं. तुला सुया हायत, त्याला बी हायत. तू बरी व्हायलीस आन् त्याला मारावं, हे मला तर पटंना."

मी घासलेली भांडी उचलून आत नेली.

सुताराकडून दाराची खालची फळी काढून तिथं लोखंडी गज बसवले. दोघा गड्यांनी काठीच्या फासात धरल्यावर डॉक्टरांनी इंजिन्याला लस टोचली, आणि तो आत गेला. ताटली गजांखालून काठीनं आत, काठीनंच बाहेर. ते काम माझ्याकडं आलं, कारण दिवसभर घरी मीच. चूल लिंबाखाली तीन दगडांवर. उन्हाळ्यात ठीक होतं. पावसाळा सुरू झाल्यावर ओली लाकडं, डोळ्यात धूर आणि पीठ मळता मळता परातीत थेंब. मी रोज इंजिन्याला बोलून घ्यायची. "तुझ्यापायी बघ." तो गजांशी तोंड आणून ऐकायचा. गाडीची शिट्टी झाली की आतल्या आत भिंतीपासून दारापर्यंत पळायचा. चार पावलं जायची, चार यायची.

पिठीला आम्ही पुढच्या ओसरीवर बांधून ठेवायचो. तिनं महिनाभर निम्मी भाकरी टाकली.

भगवानराव दर आठ दिवसांनी येत. गजांतून वाकून बघत, दारापासून लांब उभे राहत. पुढं पुढं घरून गुळाचा खडा नाहीतर भाकरीचा तुकडा रुमालात आणू लागले आणि माझ्याकडं देऊन "सरकवा आत" म्हणू लागले. चहा मात्र आमच्या घरचा त्यांनी कधीच घेतला नाही. आत्याबाई दर वेळी विचारायच्या, ते दर वेळी "आताच घेऊन आलो" म्हणायचे.

चौथ्या महिन्यात, एका सकाळी इंजिन्यानं ताटलीकडं पाहिलंच नाही. पाण्यालाही तोंड लावलं नाही. दुपारपर्यंत त्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली. जबडा धड मिटेना.

संध्याकाळी ड्यूटीवर आलेल्या सूर्यभाननं गजांतून पाहिलं. म्हणाला, "बाई, हे तेच हाय."

सकाळ झाली तरी तसंच. डॉक्टरांना निरोप गेला. गावात त्याआधीच बातमी पोचली आणि भगवानराव दोन गडी घेऊन आले. आता त्यांच्या हातात रुमाल नव्हता. आत्याबाई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"डाक्टर येऊ द्या," त्या म्हणाल्या.

"डाक्टर येऊन काय करणार हायत? त्याचे हाल कामून करता?"

तेवढ्यात फाटकावरचा फोन वाजला. आत्याबाईंनी एकदा दाराकडं पाहिलं, एकदा फाटकाकडं. फाटक उघडं होतं आणि त्या बाजूला दोन बैलगाड्या येत होत्या. त्या मला म्हणाल्या, "इथं उभी राह्य." आणि पळत गेल्या.

मी दाराशी उभी राहिले. पाठीमागं कुत्रं, पुढं कुऱ्हाडी घेतलेली माणसं. पाय गार पडले, पण हलले नाहीत.

"सूनबाई, बाजूला व्हा," भगवानराव म्हणाले.

"आत्याबाई येईस्तोवर थांबा, पाटील. मालगाडी लय वेळ लावत न्हाई."

ते थांबले. मी वळून गजांतून आत पाहिलं. इंजिन्या पुढच्या पंजानं तोंड ओरबाडत होता, सारखा, एकाच बाजूनं. त्याचा जबडा उघडला तेव्हा टाळूला आडवं काहीतरी पांढरं दिसलं.

आणि मला आठवलं. रविवारी पंडितनी मटण आणलं होतं. सगळे जेवून उठल्यावर मी एक नळी गुपचूप गजांखालून आत सरकवली होती. कोणाला सांगितलं नव्हतं. चार महिने नुसती भाकरीच खातोय बिचारा, म्हणून.

"हाड अडकलंय!" मी ओरडले. "मीच दिलं होतं. पाटील, बघा तुमी, हाड हाय ते!"

भगवानराव पहिल्यांदाच दाराजवळ आले. बसून, मान वाकडी करून त्यांनी पुष्कळ वेळ आत पाहिलं. मालगाडी धडधडत गेली. आत्याबाई परत आल्या तेव्हा ते गड्यांना म्हणत होते, "जावा तुमी कामाला. मी थांबतो."

डॉक्टर दुपारी आले. हातात जाड मोजे घालून, फासात धरून, लांब चिमट्यानं त्यांनी ते हाड काढलं. दोन दाढांच्या मध्ये पाचरीसारखं बसलं होतं. फास सुटताच इंजिन्या पाण्याकडं गेला आणि अर्धी बादली प्यायला. डॉक्टर म्हणाले, हाड देणारा कोण शहाणा? मी पदर तोंडाला लावून उभी होते. आत्याबाई म्हणाल्या, "असू द्या. लळा लागला म्हणून दिलं." आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवायला लागल्या. आत म्हणजे बाहेर, लिंबाखाली.

ऑक्टोबरात सहा महिने भरले. डॉक्टर येऊन बघून गेले. आत्याबाईंनी कडी मलाच काढायला लावली. दार उघडलं तरी इंजिन्या लगेच बाहेर आला नाही. उंबऱ्यापाशी उभा राहून त्यानं माझी बोटं हुंगली. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. फाटलेल्या कानाची कड खडबडीत लागली. मग तो पिठीकडं गेला.

त्याचे मागचे पाय आखडले होते. पुढं तो गाडीबरोबर बाभळीपर्यंत कधी पळाला नाही. फाटकाशी उभा राहून भुंकायचा तेवढंच. मागच्या खोलीला दोनदा चुना मारून मी चूल परत आत नेली.

१९७८ मध्ये आत्याबाईंची बदली पूर्ण्याला झाली, स्टेशनात पाणी पाजायच्या कामावर. सामान एका बैलगाडीत मावलं. मधल्या वर्षांत झालेली मुलगी माझ्या मांडीवर, पंडित सायकलवर पुढं, आत्याबाई आणि दोन्ही कुत्री गाडीमागं चालत. पिठी म्हातारी असून टुकूटुकू चालत राहिली. दोन मैलांवर इंजिन्या बसला तो उठेना. आत्याबाईंनी गाडी थांबवली, त्याला उचलून गाद्यांच्या वळकटीवर ठेवलं.

गाडीवान म्हणाला, "बाई, तुमी बी बसा की. लय ऊन हाय."

"बैलायला वझं व्हईल," त्या म्हणाल्या, आणि पूर्ण्यापर्यंत चालतच आल्या.