बोटातलं ॲसिटोन

नव्या रबराच्या वासाने मला सुरतजवळच्या भेस्तानचा रंगांचा कारखाना आठवतो. नव्वदच्या दशकात तिथे मी काम करायचो त्या प्रयोगशाळेत एक खानदेशी काका ॲसिटोनने काचेची भांडी धूत. हातांची सालं निघत, तरी ते पातळ रबरी हातमोजे सोडत नसत. "जाड मोज्यातून भांडं निसटतं, भाऊ. आणि यांना भोक कुठंय?" मी पातळ मोज्याच्या एका बोटात ॲसिटोन भरलं, गाठ मारली आणि ते वजनकाट्यावर ठेवलं. बाहेर थेंबही नव्हता, पण आकडा उतरत होता. "तुमची गाठ सैल असंल," म्हणत काकांनी वरून स्वतःची गाठ आवळली. आकडा उतरतच राहिला; ॲसिटोन भोकाशिवायच रबरातून पार होऊन उडून जात होतं. आपले तळवे बघत ते म्हणाले, "मंग आता जाड मोज्यात ओता बघू." आजही हातमोजे निवडताना मी जाडी नंतर बघतो, ज्या रसायनात हात घालायचा, ते आधी मोज्याच्या बोटात ओतून वजन बघतो.